गोव्याच्या खाऱ्या हवेत जुनी नाणी गंजापासून कशी वाचवावीत

गोव्यात जुनी नाणी जमवणाऱ्याला दोन गोष्टींशी कायमची झुंज द्यावी लागते: जूनपासून पुढचे चार महिने न हटणारा दमटपणा आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले मीठ. सोलापूरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहिलेली तांब्याची शिवराई पणजी, मडगाव किंवा काणकोणच्या घरात एखाद्याच पावसाळ्यात हिरवी पडू शकते. त्यामुळे इथल्या संग्राहकाने आपली बहुतेक शक्ती साठवणुकीवर खर्च करावी आणि नाण्यावर प्रत्यक्ष उपचार तेवढ्यापुरतेच करावेत, जेवढे चालू असलेला गंज थांबवायला लागतील. नाणे चकचकीत करणे हा आपला हेतू नव्हे. जुने नाणे एकदा घासले की त्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो आणि जाणकार ग्राहक ते पाहताक्षणीच बाजूला ठेवतो.

नाणे कोणत्या धातूचे आहे, हे आधी ठरवावे

प्रत्येक धातू वेगळ्या रीतीने बिघडतो, त्यामुळे एकाच उपायाने सगळा डबा धुऊन काढणे धोक्याचे आहे. गोव्यातील घरांत सापडणाऱ्या नाण्यांत विविधता पुष्कळ असते. गोव्याच्या कदंब राजांची सिंहमुद्रेची नाणी सोन्याची आहेत आणि सोन्याला गंज चढत नाही. त्यांवर मळ असतो किंवा मिश्रणातल्या तांब्यामुळे लालसर डाग पडलेले असतात, आणि ते डाग तसेच राहू द्यावेत. पोर्तुगालचा राजा दों लुईस पहिला याच्या काळातील 1881 व 1882 च्या रुपियात, म्हणजे पोर्तुगीज गोव्याच्या रुपयात, चांदी ब्रिटिश रुपयाप्रमाणे 91.7 टक्के आहे; तो काळा पडतो, पण सहसा हिरवा पडत नाही. 1947 च्या रुपियात चांदी निम्मीच आहे, त्यामुळे त्यावर हिरवे डाग दिसले तर ते नाणे खोटे आहे असे लगेच समजू नये, कारण ते मिश्रणातले तांबे बाहेर येत असल्याचे लक्षण असते. 1952 चा रुपिया आणि 1958 नंतरची 60 सेंताव्ह ते 6 एस्कुदपर्यंतची नाणी तांबे-निकेलची आहेत, तर 10 आणि 30 सेंताव्हची नाणी ब्राँझची आहेत. पाव टांगा, अर्धा टांगा आणि शिवराई ही तांब्याची नाणी सर्वांत जास्त काळजी मागतात.

कथिलाचे जुने बझारूक, म्हणजे पोर्तुगीज काळातले हलक्या किमतीचे नाणे, हा वेगळाच प्रकार आहे. थंड देशांत 13 अंश सेल्सिअसच्या खाली कथिलाची भुकटी होऊ लागते, म्हणून परदेशी पुस्तकांत त्याविषयी भीतीदायक इशारे असतात, पण गोव्याच्या हवामानात तो प्रश्न उद्भवत नाही. इथे कथिलावर करडा-काळा थर येतो आणि तो खरवडू नये. शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी दिसली, तर ते जवळच्या लाकडातून किंवा पुठ्ठ्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेमुळे होत आहे, असे जवळजवळ गृहीत धरावे. ते नाणे ताबडतोब तिथून हलवावे, भुकटी फुंकू नये आणि हात साबणाने धुवावेत, कारण शिसे विषारी आहे.

जुना थर आणि जिवंत गंज यांतला फरक

तांब्याच्या नाण्यावरचा प्रत्येक हिरवा रंग वाईट नसतो. गडद हिरवा, तपकिरी किंवा काळसर, गुळगुळीत आणि नखाने न उकलणारा थर म्हणजे पॅटिना. तो धातूचे रक्षण करतो, नाण्याचे वय सांगतो आणि संग्राहक त्यासाठी जादा पैसे मोजतो. त्याला हात लावण्याचे काहीच कारण नाही.

याउलट फिकट, पोपटी-पांढुरका आणि भुकटीसारखा गंज दिसला, तर तो ब्राँझ डिसीज, म्हणजे तांबे आणि ब्राँझ आतून पोखरणारा गंज, असण्याची दाट शक्यता असते. दहापट भिंग घेऊन पाव टांग्यावरच्या राजाच्या कानामागे, अक्षरांच्या कोपऱ्यांत आणि मुकुटाच्या कडेला पाहावे. तिथे खसखशीच्या दाण्याहूनही लहान खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात ही भुकटी भरलेली दिसते. बांबूच्या टोकदार काडीने स्पर्श करताच ती सुटते आणि खाली खडबडीत धातू उघडा पडतो.

हा आजार इतका चिवट का आहे, हे समजले म्हणजे पुढची पथ्ये ओझे वाटत नाहीत. मिठातील क्लोराईड तांब्याशी मिळून नाण्याच्या पोटात क्युप्रस क्लोराईडचा थर तयार करते. बाहेरून ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्याचे हिरव्या भुकटीत रूपांतर होते आणि त्या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल उरलेल्या तांब्यावर हल्ला करून पुन्हा क्युप्रस क्लोराईड बनवते, म्हणजे क्लोराईड संपत नाही आणि चक्र चालूच राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 42 टक्क्यांच्या खाली असली, तर ही क्रिया जवळजवळ थांबते. गोव्यात हिवाळ्यातही हवा सहसा इतकी कोरडी होत नाही आणि पावसाळ्यात आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास जाते. खाजन शेतीत (खाडीलगतच्या खारट जमिनीत), नदीकाठी किंवा विहिरीच्या गाळात सापडलेल्या नाण्यांत तर क्लोराईड आधीच भरलेले असते.

तिसराही एक हिरवा प्रकार आहे, तो म्हणजे चिकट जंगाल. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटात राहिलेल्या नाण्यावर, विशेषतः तांबे-निकेलच्या नाण्यांवर, हा मऊ हिरवा लेप दिसतो. तो पीव्हीसी प्लास्टिकमधून सुटणाऱ्या रसायनांमुळे येतो आणि वेळीच लक्षात आला तर सहज निघतो.

शंका असेल, तर एक साधी परीक्षा करावी. संशयित नाणे कोरड्या मऊ ब्रशने हलके झटकून त्याचे छायाचित्र काढावे, झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी, पण त्याला न टेकवता, एक-दोन दिवस ठेवावे आणि पुन्हा भिंगातून पाहावे. खळग्यांत नवी फिकट भुकटी आली असेल तर गंज जिवंत आहे. ही परीक्षा एकदाच करावी आणि ती झाल्यावर नाणे लगेच कोरडे करावे.

सुरुवात करण्यापूर्वी

उपचाराआधी नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र घ्यावे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करावे आणि ते वहीत पेन्सिलीने लिहून ठेवावे. उपचारानंतर वजन किती घटले, हे दाखवणारा याहून प्रामाणिक साक्षीदार नाही. टेबलावर जाड मऊ कापड अंथरावे, नायट्राइल हातमोजे घालावेत आणि नाणे नेहमी कडेने धरावे, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. त्याचे ठसे तांब्यावर काही महिन्यांत तपकिरी होऊन उठतात आणि मग निघत नाहीत. पाण्याचे सर्व उपचार नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावेत, कारण पावसाळ्यात धुतलेले नाणे पुरेसे वाळवणे फार अवघड जाते.

नाणे जमिनीत सापडलेले असेल, तर ते धुण्याची घाई करू नये. त्यावरची माती आणि सापडलेली जागा हा पुरातत्त्वीय पुरावा असतो, म्हणून आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्याने पुरावस्तूंत मोडतात आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याखेरीज कोणालाही ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातील नातेवाइकांकडे जुनी नाणी पाठवण्याची हौस असलेल्या घरांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

स्वयंपाकघरातले उपाय का टाळावेत

देवाची तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख होतात, म्हणून नाणेही तसेच उजळावे, हा विचार आपल्याकडे फार स्वाभाविक आहे, आणि माझ्या मते जुन्या नाण्यांचे सर्वाधिक नुकसान त्याच विचाराने झाले आहे. भांडे दर आठवड्याला उजळायचे असते. नाण्याचा पृष्ठभाग एकदाच मिळालेला असतो. आम्लाने पॅटिना विरघळतो आणि खाली गुलाबी, निर्जीव दिसणारे तांबे उरते. लिंबासोबत मीठ वापरले, तर ज्या क्लोराईडपासून नाण्याला वाचवायचे तेच आपण हाताने त्याच्या खळग्यांत भरतो. राख, दंतमंजन, भांडी घासायची पावडर आणि तारेचा ब्रश यांनी बारीक ओरखडे उठतात आणि ते भिंगाखाली एकाच दिशेने धावताना स्पष्ट दिसतात. बॅटरीच्या वीजप्रवाहाने गंज काढण्याचे चलचित्रांत दिसणारे प्रयोगही घरी करू नयेत, कारण त्यात गंजाबरोबर अक्षरेही जातात.

ऑलिव्ह तेलात नाणी महिनोन्महिने बुडवून ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. त्या तेलात सौम्य आम्ल असते आणि ते तांब्यावर हळूहळू काम करते. मातीचे कडक ढेकूळ सैल करायचेच असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन अधिक सुरक्षित आहे.

मळ आणि चिकटपणा काढणे

पहिली पायरी म्हणून नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये काचेच्या वाटीत एक दिवस ठेवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते, त्यामुळे दोन्ही टाळावे. सुटलेली माती अत्यंत मऊ ब्रशने, न दाबता, पाण्याखालीच झटकावी. जिथे माती घट्ट बसली आहे तिथे भिंगाखाली बांबूच्या काडीने थोडे थोडे काम करावे. धातूची सुई या टप्प्यावर हातात घेऊ नये.

देवघरातल्या नाण्यांवर हळद-कुंकू, तेल आणि काजळी यांचा थर असतो, तर पीव्हीसीच्या पाकिटातून आलेल्या नाण्यांवर चिकट जंगाल असते. या दोन्हींसाठी शुद्ध ॲसिटोन उत्तम आहे. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात सुगंध आणि तेल मिसळलेले असते, म्हणून तो चालत नाही. काचेच्या झाकणाच्या बरणीत नाणे अर्धा तास ॲसिटोनमध्ये ठेवावे, मग दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये बुडवून काढावे आणि मऊ कागदावर टेकवून सुकू द्यावे. पुसू नये. ॲसिटोन भडकन पेट घेतो, तेव्हा समई, उदबत्ती आणि गॅस यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवूनच हे काम करावे. हाच ॲसिटोन नाण्यातले उरलेले पाणी ओढून घेतो, म्हणून पाण्याच्या प्रत्येक उपचारानंतर शेवटची बुडी ॲसिटोनमध्येच द्यावी.

गळ्यातल्या माळेसाठी नाण्याला जोडलेली कडी काढण्याच्या फंदात पडू नये. डाख वितळवताना नाणे तापते आणि पृष्ठभाग कायमचा बदलतो.

ब्राँझ डिसीजवर उपचार

हा भाग सावकाशीने करण्याचा आहे. बाधित नाणे दिसताच प्रथम ते बाकीच्यांपासून वेगळे करून सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्यात टाकावे. हा आजार नाण्यातल्या क्लोराईडचा असल्यामुळे तो संसर्गाने पसरत नाही, पण सुटलेली खारट भुकटी शेजारच्या नाण्यावर पडू नये म्हणून वेगळे ठेवणे बरे. कोरडेपणानेच गंज थांबला, तर पुष्कळदा तेवढ्यावरच समाधान मानावे.

कोरड्या डब्यातही भुकटी येत राहिली, तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे द्रावण वापरतात. ते तयार करण्यासाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि सुमारे 19 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवावा. धुण्याचा सोडा स्फटिकरूपात मिळाला, तर त्यात पाणी बरेच असल्यामुळे तो सुमारे 63 ग्रॅम घ्यावा लागतो. आधी खळग्यांतली सुटी भुकटी भिंगाखाली काडीने काढावी, मग नाणे काचेच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या भांड्यात या द्रावणात बुडवून झाकण लावावे आणि द्रावण आठवड्याला बदलावे. हे काम आठवडे, कधी कधी महिने चालते. द्रावणाचा उपयोग असा की ते आम्ल निष्प्रभ करते आणि क्लोराईड हळूहळू बाहेर ओढते. त्याने पॅटिनाचा रंग थोडा बदलू शकतो, म्हणून किमती नाण्यावर ते वापरण्यापूर्वी त्याच काळातल्या सामान्य नाण्यावर वापरून पाहावे. द्रावण निळसर होऊ लागले, तर तांबेही विरघळत आहे असे समजून नाणे बाहेर काढावे.

क्लोराईड निघणे बंद झाले का, हे पाहण्यासाठी द्रावणाचे काही थेंब चाचणीनळीत घेऊन ते आधी नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करावेत, फेस निघणे थांबू द्यावे आणि मगच सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. पांढरा गढूळपणा आला, तर क्लोराईड अजून आहे. आम्ल आधी न घातल्यास कार्बोनेटमुळेच गढूळपणा येतो आणि चाचणी फसते. ही तपासणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी. त्यानंतर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, रोज पाणी बदलत, काही दिवस ठेवून ॲसिटोनमध्ये बुडवावे आणि वाळवावे.

वस्तुसंग्रहालयांत यापुढे बेंझोट्रायझोलच्या 3 टक्के अल्कोहोलिक द्रावणात वस्तू एक दिवस बुडवतात. ते रसायन तांब्यावर रक्षक पापुद्रा तयार करते. ते अपायकारक असल्यामुळे प्रशिक्षण नसलेल्याने घरी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाणे खरोखर दुर्मीळ असेल, तर मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल.

उपचार झालेल्या तांब्याच्या नाण्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात मऊ कापडाने फिरवता येतो. चांदीच्या किंवा न वापरलेल्या चकचकीत नाण्यांना मेण लावू नये.

चांदीबद्दल थोडेसे

चांदीवरचा काळा थर हा सल्फाईडचा असतो, तो सावकाश वाढतो आणि एकसारखा असेल तर सुंदरही दिसतो. त्याला हात लावू नये. बाजारातल्या चांदी उजळण्याच्या द्रवात एक बुडी दिली, तरी नाण्याची मूळ झळाळी जाते. त्यापेक्षा काळेपणाचे कारण शोधावे: रबर बँड, लोकरी कापड, स्वस्त पुठ्ठ्याची खोकी किंवा स्वयंपाकघराला लागून असलेले कपाट. 1947 च्या रुपियासारख्या कमी चांदीच्या नाण्यावर हिरवे डाग असतील, तर ॲसिटोन आणि डिस्टिल्ड वॉटर यापलीकडे जाऊ नये.

साठवण

गोव्यात संग्रह टिकतो की नाही, हे इथेच ठरते. लाकडी पेटी दिसायला देखणी असते, पण लाकडातून आणि वॉर्निशमधून सेंद्रिय आम्लांची वाफ वर्षानुवर्षे निघत राहते, म्हणून नाण्यांसाठी ती नकोच. नाणी पॉलिएस्टरच्या पाकिटांत किंवा ॲक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये ठेवावीत. पुठ्ठ्याच्या चौकोनी पाकिटांना पिना मारल्या असतील, तर आपल्या हवेत त्या गंजतात आणि गंज नाण्यापर्यंत पोहोचतो.

प्लास्टिक पीव्हीसी आहे का, याचा संशय असेल तर तांब्याची तार ज्योतीत हिरवा रंग दिसेनासा होईपर्यंत तापवावी, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवून थोडे प्लास्टिक तिच्यावर घ्यावे आणि तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत स्पष्ट हिरवी झाली, तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे आणि त्यात एकही नाणे ठेवू नये. हे उघड्या हवेत, धूर न हुंगता आणि ॲसिटोनच्या बाटलीपासून दूर करावे. नवीन अल्बमच्या पानांना पडद्याच्या प्लास्टिकसारखा उग्र वास येत असेल, तर परीक्षेची वाटही पाहू नये.

पाकिटे घट्ट झाकणाच्या पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात ठेवावीत आणि डब्याच्या प्रत्येक लिटर आकारमानामागे किमान 20 ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पिशवीत घालावे. जेल नाण्यांना थेट टेकू देऊ नये. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते, त्यामुळे नारिंगी रंगाचे जेल घेणे बरे. ओलावा भरला की ते हिरवट होते आणि 110 ते 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. डब्यात लहान आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा 40 टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. शिशाची नाणी वेगळ्या डब्यात असावीत.

वातानुकूलित खोलीतून डबा बाहेर आणल्यावर तो लगेच उघडू नये. थंड धातूवर बाहेरच्या दमट हवेतले पाणी बसते. डबा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत तासभर बंदच ठेवावा. डबा जमिनीलगत, न्हाणीघराच्या भिंतीला लागून किंवा समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ ठेवू नये.

मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी सुरू होते, तेव्हाच नाण्यांचे डबेही एकदा उघडावेत. दुपारच्या वेळी, पंखा बंद करून, प्रत्येक तांब्याचे नाणे भिंगाखाली पाहावे, छायाचित्राशी ताडावे, जेल तापवून भरावे आणि झाकणाचे रबर सैल झाले असल्यास डबा बदलावा. त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत डबे शक्यतो उघडूच नयेत. पारदर्शक झाकणातून आर्द्रतामापक आणि जेलचा रंग आठवड्याला पाहिला की पुरे. ऑक्टोबरच्या तपासणीत एखाद्या खळग्यात फिकट ठिपका आढळला, तर ते नाणे वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवून तारीख वहीत लिहावी आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याला पाणी लावू नये.